अंग धरलं होतं

"ह्यो माझा शहाजी न्हवं," मालन चौगुले म्हणाल्या.

मी चित्र थांबवलं. इचलकरंजीतल्या मगदूम स्टुडिओच्या आतल्या खोलीत आम्ही तिघं होतो. एडिटिंगच्या खुर्चीवर मी, शेजारच्या स्टुलावर पिशवी मांडीत घट्ट धरून बसलेल्या मालनमावशी, आणि दाराच्या चौकटीला टेकून उभे असलेले स्टुडिओचे मालक, मगदूम अण्णा. मॉनिटरवर लग्नाची पंगत होती. ओळीच्या टोकाला फिकट निळ्या शर्टातला एक मुलगा मान खाली घालून भराभर जेवत होता. मध्येच त्याचं कॅमेऱ्याकडे लक्ष गेलं. तो लाजला, डाव्या हाताने तोंड झाकून हसला आणि पुन्हा ताटावर वाकला. सगळं मिळून एक्केचाळीस सेकंद.

"निळ्या शर्टातला तोच, असं प्रदीपने स्वतः सांगितलंय मावशी," मी म्हणाले.

"शर्ट त्याचाच हाय. मीच घेतलेला. हसनं बी त्याचंच." त्या पुढे झुकल्या. त्यांचं बोट मॉनिटरच्या काचेला लागलं. "पन तोंड न्हवं. माझा पोरगा काडीवानी हुता. ह्यो केवढा गुबगुबीत बसलाय."

मी पुन्हा मॉनिटरकडे पाहिलं. मुलाच्या पुढचं स्टीलचं ताट गोल नव्हतं. अंड्यासारखं आडवं पसरलं होतं. पाण्याचे पेले बुटके दिसत होते. गेले दोन महिने मी हेच चित्र शंभर वेळा पाहिलं होतं आणि मला एकदाही ते दिसलं नव्हतं.

ही २००८ सालची गोष्ट. मी बावीस वर्षांची होते आणि मगदूम स्टुडिओत लग्नाच्या कॅसेटी जोडायचं काम करत होते. मालनमावशी पन्नाशीच्या. नवरा फार आधी गेलेला. यंत्रमागाच्या शेडात सुताच्या कांड्या भरून त्यांनी एकुलत्या एका मुलाला आयटीआयपर्यंत शिकवलं होतं. शहाजीला गावात काम मिळेना, म्हणून तो चाकणला एका कारखान्यात ठेकेदाराकडे लागला. गेला तो अकरा महिने घरी आला नाही, कारण रजा नव्हती. त्या उन्हाळ्यात सकाळची पाळी सुटल्यावर महामार्ग ओलांडताना त्याला कंटेनरने उडवलं. त्याला गावी आणला तेव्हा तो पूर्ण बांधलेला होता. भावकीतल्या बायकांनी मावशींना आत धरून ठेवलं आणि पुरुषांनी त्याला तसाच पुढे नेला. तोंड कुणी बघू दिलं नाही. बघण्यासारखं उरलं नव्हतं म्हणे.

घरात त्याचा फोटो एकच होता, आयटीआयच्या ओळखपत्रावरचा. नखाएवढा, आणि अर्ध्या गालावर संस्थेचा जांभळा शिक्का.

मग शहाजीचा लहानपणापासूनचा मित्र प्रदीप हेरवाडे मावशींना म्हणाला, "तो माझ्या लग्नाच्या व्हिडिओत असेल." प्रदीपची बायको मंचरकडची. लग्न तिकडे झालं होतं आणि शहाजी चाकणहून दोन पाळ्यांच्या मधल्या वेळात तासाभरासाठी येऊन गेला होता. स्टेजवर हात मिळवला, जेवला, निघाला. त्यानंतर तीन आठवड्यांनी तो अपघात. ते लग्न आमच्या स्टुडिओने शूट केलं होतं. मावशी दोनदा येऊन परत गेल्या, कारण मला तो सापडेना. तिसऱ्या खेपेला मी प्रदीपला बोलावून सगळ्या क्लिपा दाखवल्या, तेव्हा तो पंगतीत सापडला.

आता चूक काय होती ते सांगते. त्या वर्षी आमच्याकडे दोन कॅमेरे होते. नवा कॅमेरा रुंद चित्र घ्यायचा, तेव्हा नव्यानेच येऊ लागलेल्या टीव्हीसारखं. जुना कॅमेरा जुन्या टीव्हीसारखं, जवळजवळ चौकोनी. दोघांच्या टेपा दिसायला सारख्याच. कुठली टेप कशी आहे हे सॉफ्टवेअरला आपण सांगायचं असतं. जुन्या कॅमेऱ्याची टेप रुंद समजून आत घेतली की ते चौकोनी चित्र दोन्ही अंगांनी ओढून रुंद चौकटीत बसवलं जातं. उंची तेवढीच राहते, माणसं फक्त आडवी वाढतात. फूटभर खांदा सव्वा फुटाच्याही पुढे जातो. पंगत जुन्या कॅमेऱ्याने घेतली होती. मी ती टेप रुंद समजून आत घेतली होती.

दुरुस्ती दोन क्लिकची होती. क्लिपवर माउसचं उजवं बटण दाबायचं, चित्राच्या रुंदी-उंचीचं प्रमाण विचारणारी चौकट उघडते, तिथलं प्रमाण बदलायचं. मावशींच्या समोर, त्यांच्या डोळ्यांदेखत, मला ते करता आलं असतं. निळ्या शर्टातला मुलगा जागच्या जागी बारीक होऊन त्यांचा शहाजी झाला असता.

पण अण्णा दारात उभे होते. आणि त्या लग्नाच्या पंधरा डीव्हीडी महिन्यापूर्वीच प्रदीपच्या घरी पोचल्या होत्या. निम्मं लग्न जुन्या कॅमेऱ्याचं होतं, म्हणजे निम्मं लग्न जाडं झालं होतं. प्रदीपच्या वहिनीने फोन करून विचारलंसुद्धा होतं, मी एवढी मोठी दिसते का हो? अण्णांनी फोनवर हसून सांगितलं होतं की कॅमेरा मनाचं काही दाखवत नाही. आता मी चूक कबूल केली असती तर सगळं पुन्हा फुकट करून द्यावं लागलं असतं.

दोनच आठवड्यांपूर्वी एका लग्नाच्या शीर्षकात मी नवरीचं नाव स्नेहलऐवजी स्नेहा टाकलं होतं. अण्णांनी मला नवरीच्या वडिलांसमोर उभं केलं आणि खरं नाव मोठ्याने म्हणायला लावलं. दहा वेळा. सातव्या खेपेला ते वडीलच म्हणाले, राहू द्या हो, पोरगी आहे. तरी अण्णांनी दहा पूर्ण करून घेतले. मग म्हणाले की पुढची चूक झाली की तुझ्या बापाला इथे बोलावतो आणि त्याच्यासोबत तुला घरी पाठवतो. माझ्या वडिलांनी मला कामाला पाठवायला आधीच वर्षभर घोळ घातला होता. मी घरी बसले असते तर पुढे काय होणार हे मला ठाऊक होतं. स्थळं बघायला सुरुवात झालीच होती.

"काय गं विद्या, काय म्हणतायत?" अण्णांनी दारातून विचारलं.

मी मावशींकडे पाहिलं. त्या माझ्या उत्तराची वाट बघत होत्या, अगदी डॉक्टरकडे बघावं तशा.

"मावशी, तुम्ही त्याला अकरा महिन्यांत बघितलं नव्हतं ना?" मी म्हणाले. "त्याने अंग धरलं होतं."

"आं?"

"तब्येत सुधारली होती त्याची. बाहेरगावी राहिलं की मुलं भरतात अंगाने. तुमच्या डोळ्यांसमोर अजून जुनाच आहे तो."

"बरोबर आहे," अण्णा म्हणाले. "कॅमेरा काय मनाचं दाखवतो का?"

मावशींनी मांडीवरची पिशवी खाली ठेवली. मी वाट पाहत होते की त्या पुन्हा नाही म्हणतील, निदान रागावतील. आई आहे, तिला कळणारच, असं मला वाटत होतं. त्या पुन्हा नाही म्हणाल्या असत्या तर मी कदाचित बोलले असते. कदाचित.

"खरंच?" त्यांनी विचारलं.

"खरंच," मी म्हणाले.

"मग परत लाव बघू."

मी लावलं. त्यांनी ते सात वेळा पाहिलं. तिसऱ्या खेपेपासून त्यांचा चेहरा सैल होत गेला. पाचव्या खेपेला, तो तोंड झाकून हसला तेव्हा, त्याही हसल्या. सातव्या खेपेला त्यांनी मॉनिटरच्या कडेला हलकीच चापट मारली आणि म्हणाल्या, "लबाड."

तो शब्द त्यांनी का वापरला ते मला तेव्हा समजलं नाही. आया मुलांना म्हणतात तसं म्हणाल्या असतील, असं वाटलं.

त्याच दिवशी त्यांनी मोठा फोटो करायला सांगितला. मी तो हसू ओसरून मान वर असल्याचा क्षण निवडला. मागची माणसं पुसली, निळसर पार्श्वभूमी दिली, गालांवरची सावली कमी केली. काम फार सुबक झालं. अण्णांनीसुद्धा मान हलवली. फोटोपुरतं तरी प्रमाण नीट करता आलं असतं, हे त्या वेळी माझ्या मनात आलं होतं. पण मग फोटोतला आणि व्हिडिओतला मुलगा वेगळा दिसला असता आणि प्रश्न निघाला असता. म्हणून मी तो रुंदच ठेवला. फ्रेम चंदनी रंगाची, हार प्लॅस्टिकच्या मोत्यांचा.

त्यानंतर मावशी सुट्टीच्या दिवशी स्टुडिओत येऊ लागल्या. त्यांच्या घरी डीव्हीडी चालवायचं यंत्र नव्हतं, म्हणून मी ते एक्केचाळीस सेकंद माझ्या कॉम्प्युटरवर वेगळे ठेवले होते. कधी एकट्या यायच्या, कधी आळीतली एखादी बाई बरोबर असायची. त्या बाईला पुढे बसवून म्हणायच्या, बघ, केवढं अंग धरलं हुतं. बाई म्हणायची, हो की गं, ओळखू येईना. मावशी माझ्याकडे बघून म्हणायच्या, हिनंच मला पैल्यांदा सांगितलं, मला काय कळलंच न्हवतं. एकदा त्यांनी माझ्यासाठी डब्यात शेंगदाण्याची पोळी आणली. मी ती खाल्ली.

अण्णांना या येण्याजाण्याचा कंटाळा होता, पण त्या दारात कधी थांबल्या नाहीत, कुणाला अडवलं नाही, म्हणून ते काही बोलले नाहीत. प्रदीपच्या घरूनही पुन्हा फोन आला नाही. कुणालाच काही कळलं नाही. माझी चूक जिरून गेली.

चार महिन्यांनी मला पुण्यात एका व्हिडिओ कंपनीत काम मिळालं. तिथल्या मुलाखतीत त्यांनी मला वेगवेगळ्या कॅमेऱ्यांच्या क्लिपा दिल्या आणि सांगितलं, या एकत्र कर. मी पहिल्यांदा काय केलं असेल तर प्रत्येक क्लिपचं प्रमाण तपासलं. समोरचा माणूस म्हणाला, अनुभव दिसतो. येताना बसमध्ये मला ते कौतुक सोसेना. मावशींची शेंगदाण्याची पोळी सारखी आठवत राहिली.

मगदूम स्टुडिओतल्या माझ्या शेवटच्या दुपारी अण्णा जेवायला गेलेले असताना मी ती क्लिप उघडली. उजवं बटण, चौकट, प्रमाण. दोन क्लिक.

ताट गोल झालं. आणि त्याच्यावर वाकलेला मुलगा मी पहिल्यांदा पाहिला. शर्ट त्याला मोठा होता. कॉलरच्या आत मान सुटी सुटी हलत होती. गालांची हाडं वर आली होती आणि मनगटं इतकी बारीक की घड्याळ उलटं फिरून खालच्या बाजूला लोंबत होतं. हालचाली त्याच होत्या, पण आता त्या वेगळ्या दिसत होत्या. आधी एक भरलेला मुलगा चवीने जेवतोय असं वाटायचं. आता दिसत होतं की त्याला भूक लागली आहे. फार लागली आहे. तो चावत नव्हता, गिळत होता. आणि कॅमेऱ्याकडे बघून तो लाजला तेही त्यामुळेच.

एवढं दिसूनही मला थांबावंसं वाटलं नाही. मला एवढंच दिसत होतं की आता मी खरं घेऊन चालले आहे आणि उद्या मोकळ्या मनाने पुण्याला जाणार आहे. मी नवा फोटो छापला, जाड पाकिटात घातला आणि मावशींच्या घरी गेले.

पत्र्याच्या छपराची एक खोली. भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचे दोन माग चालू होते, त्यांचा खडखडाट बोलण्याच्या खालून सतत येत होता. समोरच्या भिंतीवर मी केलेला फोटो. हार रोज पुसला जात असावा, मोती चकचकीत होते. मावशींना आनंद झाला. त्यांनी चटई घातली, पाणी दिलं, पुण्याला चाललेय म्हटल्यावर माझ्या गालांवरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली.

मी पाकीट पुढे केलं. "मावशी, हा फोटो बघा."

त्या फोटो घेऊन दारात गेल्या, उजेडाला. माझ्याकडे पाठ होती.

"ह्यो," त्या म्हणाल्या. "ह्यो माझा शहाजी."

मला रडू आलं, आणि सुटल्यासारखंही वाटलं. मी उठून त्यांच्याजवळ गेले. त्या फोटोतल्या गळ्यावर अंगठा ठेवून उभ्या होत्या.

"कॉलर बघ की. दोन बोटं जातील आत." मग त्या वळल्या. त्यांनी भिंतीकडे पाहिलं, परत हातातल्या फोटोकडे. "मग त्यो कोन?"

मी सगळं सांगितलं. दोन कॅमेरे, टेपा, चौकोनी चित्र आणि रुंद चित्र. त्यांना समजावं म्हणून त्यांच्या पदराचं टोक दोन बाजूंनी ओढून दाखवलं, की नक्षीचं फूल बघा कसं आडवं होतं. चूक माझी होती, मी म्हणाले. अण्णा दारात होते म्हणून मी बोलले नाही.

"तुला कवा कळलं?"

"तुम्ही 'हा माझा शहाजी नव्हे' म्हणालात ना, तेव्हाच."

"तवाच?"

"हो."

त्यांनी माझ्या हातातला पदर हळूच सोडवून घेतला. खाली बसल्या. मीही बसले. मी शिव्या ऐकायची तयारी ठेवून आले होते, माराचीसुद्धा. त्या माझ्याकडे बघतच नव्हत्या.

"लग्नाच्या आधी आठ दिवस त्याचा फोन आलता," त्या म्हणाल्या. "कोपऱ्यावरच्या दुकानात. मला बोलवाय पोरगी आली, मी पळत गेले. म्हनला, आई, हितली खानावळ बंद पडलीया. एक वेळचं खातो, कवा तेबी न्हाई. काम उभ्यानं हाय, भोवळ येतीया. मी घरी येतो."

माग खडखडत होते.

"मी म्हनलं, सगळ्यांची पोरं राहत्यात तिकडं. तुलाच काय झालंय? कायम झाल्याबिगर हितं पाय ठिवू नगोस. लोक दुकानात उभे हुते, मला लाज वाटली. त्यो म्हनला, बरं. आनि फोन ठिवला." त्यांनी फोटो मांडीवर सरळ केला. "मग त्यो गेला. दोन महिनं मला झोप न्हवती. रस्ता वलांडताना भोवळ आली असंल का, त्योच इचार. मग तू दाखवलंस. मी म्हनलं, लबाड. चांगला खाऊनपिऊन टुनटुनीत हुता आनि आईला खोटं सांगत हुता. घरची आठवन आली म्हनून बहाना करत हुता. आळीत सगळ्यांना सांगितलं मी. म्हनलं, माझं लेकरू लबाड हुतं."

मग अगदी साध्या आवाजात, जसं एखादी गोष्ट जागेवर ठेवावी तसं, म्हणाल्या, "म्हंजे खरं सांगत हुता."

मी त्यांच्या गुडघ्याला हात लावला. त्यांनी तो झटकला नाही, पण तो तिथे आहे असंही दाखवलं नाही.

मग त्यांनी फोटोचा खालचा भाग माझ्यापुढे केला. ताटाची कड त्यात आली होती. "ताट रिकामं दिसतंय," त्या म्हणाल्या. "त्याला परत वाढलं का कुनी?"

आणि याचं उत्तर मला माहीत होतं. मी ती टेप पूर्ण पाहिली होती. हसून मान खाली घातल्यानंतर दोन घासांत शहाजीचं ताट संपलं. मग मसालेभाताचं पातेलं घेऊन एक वाढपी आला आणि त्याने त्याला भरभरून वाढलं. त्यानंतर जिलेबीवाला आला, पुढे गेला, शहाजीकडे बघून परत फिरला आणि चार जिलेब्या ताटात टाकल्या. शहाजीने नको म्हटलं नाही. त्या भागात वाढप्यांच्या पाठी सारख्या आडव्या येत होत्या, चित्र खराब होतं, म्हणून मी तो कापून टाकला होता.

"हो मावशी," मी म्हणाले. "दोनदा वाढलं. आधी भात आणि मग जिलेबी. पोटभर जेवला तो त्या दिवशी. मी डोळ्यांनी बघितलंय टेपमध्ये."

त्यांनी मान वर केली. पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. त्या माझा चेहरा तपासत होत्या आणि त्यांना तिथे काही सापडत नव्हतं.

"तवा बी तू असंच सांगितलं हुतंस," त्या म्हणाल्या. "अंग धरलं हुतं म्हनून."

"मावशी, हे खरं आहे. शप्पथ."

"त्ये बी खरंच म्हनून सांगितलं हुतंस."

मी उठले. टेप आणते म्हणाले. आत्ता आणते, तुम्हाला दाखवते, स्टुडिओत चला नाहीतर मी इथे कॅमेराच घेऊन येते. मी जवळजवळ धावतच स्टुडिओत गेले. कपाटात जुन्या कॅमेऱ्याच्या टेपांचा डबा होता. कॉम्प्युटरवरचं बाकीचं लग्न जागा करण्यासाठी मी स्वतःच पुसलेलं होतं, पण टेप असणार होती. प्रत्येकीच्या पट्टीवर माझ्याच अक्षरात नावं होती. हेरवाडे लग्न, टेप तीन. सापडली. पट्टीवरचं नाव खोडलं होतं आणि खाली अण्णांच्या अक्षरात लिहिलं होतं, कुंभोजे बारसं.

मी ती कॅमेऱ्यात घालून सुरुवातीपासून पाहिली. पाळणा. फुगे. बायका. बाळाचं नाव ठेवताना आत्या कानात कुर्र करते ते. पुढे ढकलत, मागे येत, मी पूर्ण टेप पाहिली. अगदी शेवटी तीन मिनिटं जुनं लग्न उरलं होतं. पंगत केव्हाच उठली होती. वरातीत नाचणाऱ्यांचे पाय दिसत होते.

अण्णा जेवून, झोप काढून संध्याकाळी आले तेव्हा मी कॅमेऱ्यासमोर जमिनीवर बसलेली होते. मी त्यांना सगळं सांगितलं, आता घाबरण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्यांनी ऐकून घेतलं. मला वाटलं ओरडतील. ते खुर्चीत बसले आणि म्हणाले, "टेपा परत वापरायच्या नाहीत तर काय पुजायच्या?" मग थोड्या वेळाने म्हणाले, "ती बाई चांगली खूष होती. तू कशाला गेलीस?"

त्या माणसाचा मी आयुष्यात कधी आदर केला नाही. पण त्या प्रश्नाचं उत्तर त्या दिवशी मला देता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारची बस होती. सकाळी मी मावशींच्या शेडात गेले. त्या कांड्या भरायच्या यंत्रापुढे बसल्या होत्या, बारा कांड्या एकदम गरगरत होत्या आणि तुटलेला धागा दिसला की त्यांचं बोट तिथे जात होतं. मी आवाजावर आवाज काढून सांगितलं की टेप पुसली गेली, त्याच्यावर दुसरं काही घेतलंय. पण वाढलं होतं मावशी, दोनदा वाढलं होतं.

त्यांनी यंत्र थांबवलं नाही. "असंल," त्या म्हणाल्या. एक धागा तुटला, तो जोडला. "जा आता. गाडी चुकंल."

पुढे मी प्रदीपला फोन करून त्यांची चौकशी करायचे. त्याच आठवड्यात त्यांनी भिंतीवरचा फोटो उतरवला. मी नेलेला लावला नाही. आळीतल्या बायकांना एकेकीच्या दारात जाऊन त्यांनी सांगितलं की माझा शहाजी लबाड नव्हता, मी चुकीचं बोलले. काहींना ते आठवतही नव्हतं. तरी त्या सगळीकडे गेल्या. माझं नाव त्यांनी कुठेच घेतलं नाही. माझ्याशी बोलायला मात्र त्या कधी फोनवर आल्या नाहीत. दोनदा मी इचलकरंजीला गेले तेव्हा दारात उभी राहिले. दोन्ही वेळा त्यांनी पाणी दिलं आणि कामाला जायचंय म्हणाल्या.

त्या २०१७ साली गेल्या. नऊ वर्षं त्या जेवायला बसल्या की पहिला घास हातात धरून थांबायच्या, असं प्रदीपच्या आईने मला सांगितलं. विचारलं तर म्हणायच्या, त्याला परत वाढलं का न्हाई, कुनास ठाऊक.

वाढलं होतं. आधी मसालेभात, मग चार जिलेब्या. जिलेबीवाला पुढे जाऊन त्याच्यासाठी परत फिरला होता. मी हे आजवर ज्यांना ज्यांना सांगितलं, त्या सगळ्यांनी ते लगेच मानलं.